काल सुधीमां

क्लबचा राठवा पिशवी काउंटरवर ठेवतो.
'बेन, काल सुधीमां जोइशे.'
गुजरातीत येणारा उद्याही काल आणि गेलेलाही काल.
चव्वेचाळीस वर्षं झाली दांडिया बाजारात,
तरी माझा कान आधी मराठीतच ऐकतो:
कालपर्यंत हवं होतं.

पिशवीत निळं जाकीट. तेच.
मुख्य प्रशिक्षकाचं.
तीन सीझन क्लब तेवढं एकच वापरतोय,
आतली माणसं बदलतोय.
डाव्या छातीवर मगर, विश्वामित्रीतली.
दात मीच घातलेत, अकरा,
बारावा बसेना.
मगरीखाली दोन इंग्रजी अक्षरं. पी, डी.
प्रतापराव धायबर.
नवरात्रापासून संक्रांतीपर्यंत.

त्यांच्या आधी सर्बियाचा एक, के आणि व्ही,
त्याच्याही आधी मिझोरमचा, तीन अक्षरं.
त्यांना उसवलं होतं मी उलट बाजूनं,
सुईच्या टोकानं, एकेक टाका.
उसवायला शिवण्याच्या दुप्पट वेळ, मजुरी निम्मी.
मध्ये मालकही बदलले.
रंगवाले गेले, टाइल्सवाले आले,
तेव्हा चाळीस पाठींवरची कंपनी काढली.
घरभर पिवळा दोरा,
डाळीतसुद्धा.

या वेळी चिठ्ठीत आर, डी.
रोमाल्डो डायस, मडगाव.
हिशेबनीस शहाभाईंचा लगेच फोन:
उसवू नका काही.
पी ला एक तंगडी जोडा, आर झाला.
डी तर आहेच.
एका तंगडीचे किती घ्याल?

मी दहा म्हटलं. त्यांनी सात.

सुई ओवली आणि दारात धायबर.
हातात मुलीचा शाळेचा स्कर्ट.
'उंच झाली हो, दोन बोटं सोडा.'
मी जाकिटावर टाकायला फडकं शोधत होते,
ते उलट जवळच आले,
चिठ्ठी चष्मा काढून वाचली.
'डायस? बरा आहे. बचाव बसवेल.
शेवटच्या दहा मिनिटांत आपली मागची बाजू
उघडी पडते.'
आपली, म्हणाले.
जाता जाता:
'उजवा खिसा फाटलाय. त्याला सांगायला कोणी नसेल.
शिट्टी आत जाते, अस्तरात.
दोन महिने मी तोंडात बोटं घालून सराव घेतला.'

समोर सेव-उसळच्या गाडीपाशी
कुणीतरी हाक मारली, 'सर!'
ते वळले, पण जरा उशिरा.

अस्तर उसवलं. शिट्टी निघाली, काळी, प्लास्टिकची.
मग अजून एक.
ही पितळी, जड,
दोरीला गाठ कुठल्या तरी निराळ्या हाताची.
सर्बियाची की मिझोरमची, मला काय कळणार.
काळी मी स्कर्टाच्या घडीत ठेवली.
पितळी परत खिशात. ती जाकिटाचीच म्हणायची आता.
खिसा शिवला, दुहेरी टाका. त्याचे पैसे कोण देतंय.
मग तंगडी जोडली, पांढऱ्या दोऱ्यानं,
पण हा दोरा नवा, मैदानाचं ऊन न खाल्लेला,
म्हणून जवळून पाहिलं तर
आधी पी दिसतो,
मग आर.

संध्याकाळी राठवा.
'थई गयुं?'
'काल,' मी म्हटलं.
त्याला हसायला वेळ नव्हता.
सात वाजता मैदानावर फोटो, हारतुरे, टाइल्सवाले.
जाकीट हँडलला अडकवून त्यानं स्कूटर काढली,
बाह्या दोन्हीकडे हलत गेल्या रावपुऱ्याच्या गर्दीत.

स्कर्ट अजून मशीनवर.
दोन बोटं म्हणाले होते,
मी तीन सोडली.
पोर आहे, थांबतेय थोडीच.